कमरेच्या इंजेक्शनसाठी डोंगा विकायचा का?



मागच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक अर्ज आला. अर्ज आपल्याच एका सभासद भावाचा. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, पण कृपा करून चर्चा माणसाची करू नका, विषयाची करा.

भाऊ पंचवीस वर्षांपासून तलावात आहे. चार वर्षं झाली, कंबर दुखते. सकाळी खाटेवरून भिंत धरून उठतो. जाळं ओढलं की दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. गावात मालिश झाली, नस बसवणाऱ्याकडे जाऊन झालं, बेल्ट झाला, गोळ्या झाल्या. मग कोणीतरी मोबाईलवर व्हिडीओ दाखवला आणि भाऊ नागपूरला एका खाजगी दवाखान्यात गेला. तिथं एमआरआय पाहून सांगितलं की गादी झिजली आहे, ऑपरेशनची गरज नाही, तुमच्याच रक्तातून औषध काढून मणक्यात इंजेक्शन देऊ, गादी आतून नवी होईल. एका इंजेक्शनचे २८ हजार. तीन घ्यावी लागतील. म्हणजे ८४ हजार. आयुष्मान कार्ड चालणार नाही, रोख लागेल, हेही तिथंच सांगितलं.

अर्जात भावानं मागणी केली आहे की माझी शेअरची रक्कम परत करा, वरून ५० हजार उचल द्या, बाकीसाठी मी डोंगा आणि जाळं विकतो.

कार्यकारिणीनं अर्ज आमसभेपर्यंत राखून ठेवला. त्यावर ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते सगळ्यांनी वाचलं. "सचिवसाहेब, तुमची कंबर दुखत नाही म्हणून तुमाले नियम सुचून राहिले," असंही एकानं लिहिलं. "संस्था माणसासाठी की माणूस संस्थेसाठी?" असं दुसऱ्यानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे, राग यायचं कारण नाही. म्हणून उत्तर सगळ्यांसमोर लिहितो.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही. पण पैसा सगळ्यांचा आहे आणि कंबरही सगळ्यांची दुखते. म्हणून महिनाभर वाचलं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, कागद पाहिले. जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

हे इंजेक्शन आहे तरी काय?

आपल्याकडे सगळ्यांनाच लोक "स्टेम सेलचं इंजेक्शन" म्हणतात. खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलं पीआरपी. दंडातून रक्त काढतात, मशीनमध्ये जोरात फिरवतात. त्यात प्लेटलेट वेगळ्या होतात. जखम झाली की रक्त गोठवायला आणि जखम भरायला ज्या धावतात त्याच या प्लेटलेट. डेंग्यूत ज्या कमी होतात त्याच. त्या थोड्याशा पाण्यात दाट करून मणक्याच्या गादीत, सांध्यात किंवा आजूबाजूला टोचतात. यात स्टेम सेल नसतात. पीआरपीला कोणी स्टेम सेल म्हणून विकत असेल तर पहिलीच गोष्ट खोटी सांगितली असं समजा.

दुसरं स्टेम सेल. कमरेच्या हाडातला मगज किंवा पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि टोचतात. काही ठिकाणी दुसऱ्याच्या पेशी वाढवून वापरतात.

तिसरं प्रोलोथेरपी. यात साखरेचं दाट पाणी, म्हणजे ग्लुकोज, मणक्याजवळच्या शिरा-बंधांत टोचतात. त्यानं थोडी सूज येते आणि सुजेमुळे शरीर तिथं दुरुस्ती करतं, असा त्यामागचा विचार. ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकापासून आहे, नवी नाही.

तिन्हींच्या मागे आशा एकच, की झिजलेला भाग शरीरानं स्वतः पुन्हा बांधावा. आशा वाईट नाही. मोठमोठे संशोधक त्यावर काम करत आहेत. पण मणक्याच्या गादीला रक्ताचा पुरवठा फार कमी असतो. तिच्यातल्या पेशी उपाशीच जगतात. अशा जागी टोचलेल्या पेशी किंवा प्लेटलेट टिकतात किती आणि काम करतात किती, हाच तर प्रश्न आहे.

फायदा होतो का?

इथं आम्ही दोन्ही बाजू सांगतो. एकच सांगितली तर आमच्यात आणि जाहिरातीत फरक राहणार नाही.

पीआरपीबाबत २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ४७ रुग्णांवर चाचणी केली. काहींच्या गादीत पीआरपी दिलं, काहींना दिलं नाही. आठ आठवड्यांनी पीआरपीवाल्यांना जास्त बरं वाटलं. हीच चाचणी दवाखानेवाले दाखवतात. पण २०२२ मध्ये अमेरिकेतच २६ रुग्णांवर तशीच दुसरी चाचणी झाली, त्यात पीआरपी आणि मिठाचं पाणी यांत फरक दिसला नाही. दोन्ही चाचण्या लहान आहेत. आपल्या एका गावातल्या सभासदांएवढे लोक. त्यावरून "होते" असंही म्हणता येत नाही, "होतच नाही" असंही म्हणता येत नाही.

स्टेम सेलबाबत एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं ४०४ रुग्णांवर मोठी चाचणी केली. निकाल २०२१ मध्ये आला. जे सिद्ध करायचं ठरवलं होतं ते सिद्ध झालं नाही. काही रुग्णांचं दुखणं कमी झालेलं दिसलं, म्हणून कंपनी पुढची चाचणी करत आहे. लक्षात घ्या, एवढा पैसा असलेली कंपनीही अजून "चाचणी" म्हणते, आणि आपल्याकडे दवाखाना "गॅरंटी" म्हणतो.

साखरेच्या पाण्याची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. ऑस्ट्रेलियात जुन्या कंबरदुखीचे ११० रुग्ण घेतले. अर्ध्यांना ग्लुकोजचं इंजेक्शन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते रुग्णांना माहीत नव्हतं. निकाल २००४ मध्ये छापून आला. दोन्हीकडच्या लोकांना बरंच बरं वाटलं आणि दोन्हींत फरक निघाला नाही. पुढे २००७ मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही निष्कर्ष हाच की नुसत्या या इंजेक्शनानं फायदा होतो असं दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, "माझ्या साळ्यानं इंजेक्शन घेतलं, तो आता धावते." आम्ही त्याला खोटं म्हणत नाही. मिठाच्या पाण्यानंही लोकांना बरं वाटलं, ते का? कारण कंबरदुखी ओहोटी-भरतीसारखी असते. माणूस दवाखान्यात जातो तेव्हा दुखणं सगळ्यात वर असतं. त्यानंतर ते काही केलं नाही तरी बऱ्याचदा खाली येतं. इंजेक्शन घेतल्यावर डॉक्टर सांगतो की वजन उचलू नका, आराम करा, मग व्यायाम करा. घरचेही काम देत नाहीत. वर एवढे पैसे भरले म्हणून मनालाही धीर येतो. हे सगळं मिळून बरं वाटतं, आणि श्रेय जातं इंजेक्शनला. म्हणून एका साळ्याच्या गोष्टीवर ८४ हजारांचा निर्णय करू नये, एवढंच आमचं म्हणणं.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०१७ मध्ये स्टेम सेलबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार स्टेम सेल हा मान्य उपचार फक्त रक्ताच्या काही आजारांत, म्हणजे ज्याला आपण बोन मॅरो बदलणं म्हणतो त्यात. बाकी आजारांत ते फक्त मंजुरी घेतलेल्या चाचणीतच देता येतं. त्यानंतर गुडघ्याच्या झिजेसाठी एका तयार उत्पादनाला देशात मंजुरी मिळाली आहे, पण ती गुडघ्यापुरती. तिचा कागद दाखवून कोणी मणक्यात टोचत असेल तर फसू नका.

आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या औषधाचे पैसे घेत नाहीत. उलट चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, असं २०१९ च्या नियमांत आहे. म्हणून कमरेच्या स्टेम सेलसाठी कोणी लाखभर मागितले आणि वरून "आमचं संशोधन चालू आहे" म्हटलं, तर दोन्हींपैकी एक गोष्ट चुकीची आहे.

"आपलंच रक्त, नुकसान काय?"

हा प्रश्न भावानं बैठकीत विचारला. रक्त आपलं असलं तरी सुई मणक्यात जाते. जंतू गेले तर गादीत पू होऊ शकतो, आणि ते दुखणं आधीच्या दुखण्यापेक्षा कितीतरी वाईट, महिनोन् महिने अँटिबायोटिक. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेली इंजेक्शनं सांध्यांत आणि मणक्यात घेतलेल्या १२ जणांना जंतुसंसर्ग झाला, सगळ्यांना भरती व्हावं लागलं. ती दुसऱ्याच्या रक्तापासून बनवलेली होती, हे खरं. पण लोकांना तिथंही "नैसर्गिक आहे" असंच सांगितलं होतं. चांगल्या हातात, चांगल्या जागी पीआरपीचा धोका कमी असतो. कमी म्हणजे शून्य नाही.

दुसरं नुकसान दिसत नाही. डोंगा विकला की भाऊ बरा झाला तरी कामाला काय घेऊन जाणार? दुसऱ्याच्या डोंग्यावर मजुरीला. आज हिस्सा मिळतो, उद्या रोजी मिळेल. मागच्या काही वर्षांत ज्यांनी दुखण्यापायी डोंगा विकला त्यांच्यापैकी किती जणांनी परत घेतला, ते आपापल्या मनाशी मोजून पाहा. बंद ऋतूसाठीच्या बचत-सह-राहत योजनेत हाती येतात साडेचार हजार, त्यातले पंधराशे आपण स्वतःच भरलेले. ज्या घराचा हिशोब साडेचार हजारांवर बसतो, त्या घरानं ८४ हजार "होईलही, नाहीही" अशा गोष्टीवर लावावेत का?

मग कंबरेचं करायचं काय?

नुसतं "नका करू" सांगणं सोपं असतं. म्हणून पुढचं लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर पहिल्यांदाच सल्ला प्रसिद्ध केला. त्यांच्या मोजणीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे भाऊ, तू एकटा नाहीस. आणि कंबरदुखीच्या १०० पैकी सुमारे ९० जणांत एकच एक बोट ठेवता येईल असं कारण सापडत नाही.

इथं एमआरआयची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे रिपोर्टमध्ये "गॅप आला", "गादी दबली" असं ऐकलं की माणूस अर्धा मरतो. पण ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे फोटो काढून पाहिले गेले आहेत. पन्नाशीतल्या न दुखणाऱ्या लोकांत १०० पैकी सुमारे ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. विशीतल्या पोरांतही १०० पैकी ३७ जणांत झीज दिसली. केस पिकतात तशी गादीही पिकते. झीज दिसली म्हणजे दुखणं तिथूनच येते असं नाही, आणि झीज भरली म्हणजे दुखणं जाईलच असंही नाही.

त्या सल्ल्यात काय करा म्हटलं आहे? दुखणं नीट समजून घ्या, हालचाल आणि व्यायाम करा, काही प्रकारची फिजिओथेरपी आणि मालिश, मनाचा ताण असेल तर त्यावर बोलणं, आणि गरज पडली तर डॉक्टरच्या देखरेखीखाली सूज-दुखीची गोळी. काय करू नका म्हटलं आहे? कमरेचा बेल्ट, मणका ताणण्याचं वजन, आणि अफूच्या जातीच्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या नेहमीच्या उपचारात वापरू नका. बेल्टचं वाचून आम्हालाच धक्का बसला. हे लिहिणाऱ्यानंही वर्षभर बेल्ट बांधला आहे. तो आता खुंटीला लटकलेला आहे.

चालण्याबद्दल एक पक्की चाचणी आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून छापून आली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांना घेतलं. अर्ध्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं आणि फिजिओथेरपिस्टनं मधूनमधून समजावलं. चालणाऱ्यांत पुन्हा दुखायला सरासरी २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२ दिवस. चालायला पैसा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "आमी तं दिवसभर चालतोच, कामच तेवढं हाय." खरं आहे. पण वजन घेऊन वाकून चालणं वेगळं आणि मोकळ्या अंगानं सरळ चालणं वेगळं. आणि व्यायाम एकदा नीट शिकून घ्यावा लागतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा एम्समध्ये दाखवा. तिथं इंजेक्शनवाल्या दवाखान्याइतकी गोड भाषा मिळणार नाही, रांग लागेल. पण तिथल्या डॉक्टरला तुम्हाला काही विकायचं नसतं.

हे दिसलं तर थांबू नका

वरचं सगळं साध्या कंबरदुखीसाठी आहे. खालचं काही असेल तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, मालिशवाल्याकडे नाही, इंजेक्शनवाल्याकडेही नाही.

लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, संडासवर ताबा राहिला नाही, बसायची जागा बधीर झाली. पायातली ताकद गेली, चप्पल पायातून निसटते. डोंग्यावरून किंवा पाळीवरून पडल्यावर दुखणं सुरू झालं. आधी कर्करोग झालेला आहे. ताप येतो, रात्री घाम येतो, वजन उतरते.

हे शेवटचं नीट वाचा. मणक्याचा टीबी आपल्या भागात होतो. तो आधी नुसत्या कंबरदुखीसारखाच वाटतो. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेवर केला तर माणूस बरा होतो. अशा मणक्यात कोणी "गादी नवी करायचं" इंजेक्शन टोचत बसला आणि त्यात सहा महिने गेले, तर पाय जाऊ शकतात.

आणि अनोळखी पुड्या खाऊ नका. दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटते ते बहुतेक स्टेरॉइड असते. दुखण्याच्या गोळ्याही मनानं महिनोन् महिने खाल्ल्या तर पोट आणि किडनी खराब होते.

आता आपली चूक

इथपर्यंत दवाखान्याला आणि जाहिरातीला बोललो. आता स्वतःला बोलतो, कारण या भावाची कंबर त्या दवाखान्यानं बिघडवली नाही. आपण बिघडवली.

आपण काम कसं करतो ते पाहा. कंबरभर पाण्यात उभं राहून, अंग एका बाजूला पिळून महाजाल ओढतो. चार माणसांचं काम तिघांत करतो, म्हणजे हिस्सा मोठा येतो. रोहू-कतल्याची भरलेली क्रेट, वर बर्फ, पाळीच्या चिखलातून एकटा माणूस वर नेतो, कारण दुसऱ्याला हाक मारली तर "काय बा, म्हातारा झाला का?" ऐकावं लागते. कंबर दुखते असं जो सांगतो त्याचा त्या दिवसाचा हिस्सा कापला जातो. म्हणून कोणी सांगत नाही. दुखणं दाबून ओढतो, चार वर्षं ओढतो, आणि मग ८४ हजारांचा अर्ज येतो.

आणि बायांचं तर आपण कधी नावच काढलं नाही. डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात जातात, जमिनीवर उकिडवं बसून दिवसभर मासोळी कापतात, घरी येऊन पाणी भरतात. आमच्या कार्यकाळात कंबरेच्या उपचारासाठी बायांचा एकही अर्ज आला नाही. याचा अर्थ त्यांची दुखत नाही असा नाही. त्यांना मागायची सवय नाही, आणि आपल्याला विचारायची नाही.

वजन कसं उचलायचं हे शिकवणारे पुष्कळ. पण नुसतं शिकवून फरक कमीच पडतो. किती उचलायचं आणि किती वेळा उचलायचं, हे बदललं तर फरक पडेल. ते बदलणं संस्थेच्या हातात आहे.

आमसभेपुढे आमचा प्रस्ताव

एक. या इंजेक्शनांसाठी संस्थेच्या निधीतून उचल देऊ नये आणि त्यासाठी शेअर मोडायला आपण प्रोत्साहन देऊ नये. हा नियम सगळ्यांना सारखा, अध्यक्ष-सचिवांनाही. स्वतःच्या पैशानं कोणी घेत असेल तर त्याची मर्जी. फक्त आधी चार गोष्टी लेखी मागा: नेमकं काय टोचणार, कुठं टोचणार, फायदा नाही झाला तर काय, आणि एकूण खर्च किती. लेखी द्यायला जो टाळतो, त्याच्याकडून सरळ परत या.

दोन. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि फिजिओथेरपीसाठी जाण्या-येण्याचा खर्च संस्थेनं मदत म्हणून द्यावा, उचल म्हणून नाही. या भावापासूनच सुरुवात करावी. सोबत संस्थेचा एक माणूस जावा, म्हणजे रांगेत आणि कागदांत अडचण होणार नाही.

तीन. मासेमारी पुन्हा सुरू व्हायच्या आत, म्हणजे १६ जून ते १५ ऑगस्टच्या बंद ऋतूत, दोन हातगाड्या घ्याव्या आणि पाळीवर मुरूम टाकून उतार करावा. क्रेट अर्धीच भरावी आणि दोघांनी उचलावी. खेपा वाढतील, वेळ जास्त लागेल, ते मान्य करावं.

चार. ज्याची कंबर दुखते त्यानं सांगितलं तर त्याला मोजणी, वजनकाटा, जाळं विणणं असं हलकं काम द्यावं आणि हिस्सा कापू नये. पूर्ण हिस्सा की पाऊण, यावर वाद होईल. होऊ द्या, आमसभेतच होऊ द्या.

पाच. बाजारात मासोळी विकणाऱ्या बायांसाठी उंच ओटे किंवा टेबल-स्टूल यांची मागणी नगर परिषदेकडे लेखी करावी. तोवर संस्थेनं स्वतः काही पाट-स्टूल द्यावेत. या मुद्द्यावर बायांनी स्वतः सभेत बोलावं.

जाता जाता एक आठवण. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, अपघातानं भरती झाल्यास २५ हजारांपर्यंत. जुन्या कंबरदुखीला तो लागू नाही. पण पडून मार लागला असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात नोंद करा आणि संस्थेला कळवा. नंतर कागद जमत नाहीत.

त्या भावाला शेवटचं. भाऊ, तुझं दुखणं खोटं आहे असं इथं कोणी म्हणत नाही. तुला नाही म्हणताना आम्हालाही झोप आली नाही. पण तुझा डोंगा तुझ्याकडे राहावा, आणि तो चालवायला तुला कोणीतरी सोबत असावं, हे आम्हाला त्या तीन इंजेक्शनांपेक्षा जास्त खात्रीचं वाटते. दोन महिने आमच्यासोबत सरकारी दवाखान्यात चल. व्यायाम कर, चाल, हलकं काम घे. त्यानंतरही तुझं मन तेच म्हणालं तर पुन्हा अर्ज कर, आम्ही पुन्हा बसू.

ज्यांना आमचं म्हणणं पटत नाही त्यांनी आमसभेत येऊन बोलावं. ग्रुपवर रात्री अकरा वाजता लिहिण्यापेक्षा ते बरं. आणि ज्यांची कंबर दुखते पण आजवर सांगितलं नाही, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात येऊन फक्त नाव लिहून जावं. किती जण आहेत ते तरी आपल्याला कळू द्या.

आपला,
सचिव
मच्छीमार सहकारी संस्था, कटंगी